हाडं ठिसूळ होणं ‘घरातलंच’ असतं का?

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. त्याच्या आगेमागे कोल्हापुरात हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरं लागतात. कुठे तालीम मंडळाच्या हॉलमध्ये, कुठे मंगल कार्यालयात, कुठे औषधाच्या दुकानासमोर मांडव टाकून. चप्पल काढायची, टाचेला थंडगार जेल लावून घ्यायचं, पाय एका छोट्या यंत्रात ठेवायचा. मिनिटभरात चिठ्ठी हातात येते. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा, लाल पट्टा, त्यावर एक काळा ठिपका आणि शेजारी आकडा: उणे १.९.

मग रांगेतच बोलणं सुरू होतं. “हे उणे म्हणजे काय वो?” आणि त्याच्या पाठोपाठ, “माझ्या आईचा खुबा मोडलेला, मावशीला पोक आलेलं. आमच्यात सगळ्यांचंच असं. त्याला आता कोण काय करणार?”

हे बोलणं पुष्कळ घरांत ऐकू येतं. त्यातला पहिला भाग शास्त्राला धरून आहे. “कोण काय करणार” हा भाग मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत आज सातवी-आठवीत असलेल्या मुली पुढे साठीत मोजतात. म्हणून हे जरा सविस्तर.

उणे आकडा कशाचा?

हाडांची घनता म्हणजे हाडाच्या ठरावीक भागात खनिज किती भरलंय त्याचं माप. ते मोजायची खरी चाचणी म्हणजे ‘डेक्सा’. अगदी कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी खुब्याचं आणि कमरेच्या मणक्यांचं चित्र घेतात. निरोगी तरुण बायकांची सरासरी शून्य धरतात आणि आपण तिच्यापासून किती दूर आहोत ते सांगणारा आकडा काढतात. तो टी-स्कोअर. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. हे टप्पे जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये पाळी गेलेल्या बायकांसाठी ठरवले. पाळी चालू असलेल्या तरुण बाईला ते जसेच्या तसे लावत नाहीत. तिची तुलना तिच्याच वयाच्या बायकांशी करतात.

शिबिरातलं यंत्र क्ष-किरण वापरत नाही. ते टाचेतून ध्वनिलहरी पाठवतं. पुढची तपासणी कुणाची करायची एवढं ठरवायला ते उपयोगी आहे. रोगाचं निदान त्यावर करत नाहीत. त्यामुळे लाल पट्ट्यावर ठिपका दिसला म्हणून घरी येऊन रडायचं कारण नाही, आणि हिरव्यावर दिसला म्हणून निर्धास्तही राहू नये.

आणखी एक गोष्ट, जी शिबिरात सहसा कुणी सांगत नाही. डेक्साचं चित्र सपाट असतं, हाडाची जाडी त्याला दिसत नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्यापेक्षा विरळ भासतं. आपल्याकडे लहान चणीच्या बायका पुष्कळ. आकडा वाचताना डॉक्टरांनी हे लक्षात घ्यायचं असतं.

हाड जिवंत असतं

हाड म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत घट्ट बसलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. हा साठा कायम हलता असतो. काही पेशी जुनं हाड खरवडून काढतात, काही त्या जागी नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी असा बदलला जातो.

वाढत्या वयात भरणाऱ्या पेशींचा जोर जास्त असतो. अठरा-वीसपर्यंत बहुतेक हाड भरून होतं, पंचविशी ते तिशीत घनता सगळ्यांत जास्त असते. चाळिशीनंतर खरवडणाऱ्या पेशी हळूहळू पुढे जातात. पाळी थांबताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि पुढची काही वर्षं ही झीज वेगाने होते.

म्हणजे साठीतली घनता दोन गोष्टींवर ठरते: तरुणपणी हाड किती भरलं आणि नंतर किती वेगाने झिजलं. जनुकं या दोन्हींत हात घालतात, आणि राहणीमानही दोन्हींत हात घालतं. जनुक म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या डीएनएमधला सूचनांचा एक तुकडा. एवढी व्याख्या या लेखाला पुरे.

जुळ्यांवरून काय कळलं?

एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात. वेगवेगळ्या गर्भांपासून झालेल्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच जुळतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच ताटावर वाढतात. मग पहिल्या प्रकारच्या जुळ्यांची हाडं एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर ते जास्तीचं साम्य जनुकांचं.

१९७० च्या दशकापासून असे अभ्यास होत आले आहेत. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की माणसामाणसांतल्या घनतेच्या फरकापैकी साधारण ५० ते ८५ टक्के भाग जनुकांमुळे असतो. १९८९ मधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की ठिसूळ हाडांच्या बायकांच्या मुलींची घनता पाळी जायच्या आधीपासूनच इतरांपेक्षा कमी होती. तेव्हा आईचा खुबा मोडला होता ही माहिती बिनमहत्त्वाची अजिबात नाही. २००८ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं ‘फ्रॅक्स’ नावाचं गणित डॉक्टर वापरतात. हाड मोडण्याचा पुढच्या दहा वर्षांतला धोका ते सांगतं, आणि त्यात आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, हा प्रश्न वेगळा विचारलेला आहे.

मग ८५ टक्के नशीबच की!

इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘८५ टक्के आनुवंशिक’ याचा अर्थ ‘माझ्या हाडातला ८५ टक्के भाग ठरून गेलाय’ असा आपण घेतो. त्याचा अर्थ तसा नाही.

आपल्या भागातल्या कुणालाही हे उसावरून पटेल. ऊस कांडीने लावतात. त्यामुळे ८६०३२ हा वाण लावलेल्या फडातले सगळे ऊस जनुकांच्या हिशेबाने एकच. त्या फडात पाटाजवळचा ऊस उंच आणि टोकाचा खुजा असेल, तर तो सगळा फरक पाण्याचा आणि मातीचा. वाणाचा वाटा शून्य. आता ऊस संशोधन केंद्रातला चाचणीचा प्लॉट घ्या. दहा वाण शेजारी शेजारी, ८६०३२ आहे, २६५ आहे, आणि पाणी, खत, माती सगळ्यांना सारखी. तिथे उंचीतला फरक जवळपास सगळा वाणाचा. पीक एकच, पण वाणाचा वाटा एका ठिकाणी शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी शंभराच्या घरात. हा टक्का उसाच्या अंगचा गुण नव्हे. त्या रानात पाणी किती सारखं वाटलं गेलं, त्यावर तो ठरतो. आणि चाचणीच्या प्लॉटचं पाणीच तोडलं, तर दहाच्या दहा वाण खुजे राहतील. वाणाचा वाटा मात्र कागदावर तसाच मोठा दिसेल.

जुळ्यांचे बहुतेक अभ्यास युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाले. तिथे बहुतेक मुलांना दूध मिळतं, शाळेत मैदान मिळतं. पाणी सगळ्या सऱ्यांना पोचलेलं, म्हणून जनुकांचा वाटा ठळक दिसतो. आपल्याकडे एकाच तालुक्यात एका मुलीच्या वाट्याला रोज दोन पेले दूध येतं, आणि दुसरीच्या वाट्याला चहात पडेल तेवढंच. तिथे तिकडचा टक्का उचलून लावता येत नाही.

शिवाय घनता म्हणजे हाड मोडणं नव्हे. स्वीडनमध्ये जुळ्यांच्या मोठ्या नोंदणीवर २००५ मध्ये अभ्यास झाला. खुबा सत्तरीच्या आत मोडला असेल तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला. ऐंशीनंतर मोडलेल्या खुब्यांत तो जवळजवळ नव्हताच. त्या वयात पडणं, दृष्टी, तोल, औषधांनी येणारी गुंगी, स्नायूंची ताकद याच गोष्टी जास्त निर्णायक ठरतात. आईचा खुबा कोणत्या वयात मोडला आणि ती कशी पडली, हे म्हणूनच आठवून ठेवावं.

ही जनुकं आहेत तरी कोणती?

‘हाडांचं जनुक’ असं एक काही नाही. ब्रिटनमधल्या सव्वाचार लाखांवर लोकांचा डीएनए आणि टाचेची तपासणी ताडून पाहिली, तेव्हा घनतेशी संबंध असलेल्या ५१८ जागा सापडल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. सगळ्या मिळूनही लोकांमधल्या फरकाचा सुमारे पाचवा हिस्साच त्यांनी उलगडला. ते लोक जवळपास सगळे गोरे ब्रिटिश होते. त्यामुळे ‘हाडांची जनुक चाचणी’ म्हणून कुणी हजारो रुपये मागितले, तर ते पैसे डेक्सासाठी ठेवा. अगदी लहानपणापासून हाडं मोडत असतील तर गोष्ट वेगळी, तिथे एखादंच जनुक बिघडलेलं असू शकतं आणि ते तपासावंच लागतं.

क्वचित मात्र एकटं जनुक फार मोठं काम करून जातं. अमेरिकेत एका तरुण मुलीच्या मोटारीला अपघात झाला आणि तिचं एकही हाड मोडलं नाही. एक्स-रेमध्ये हाडं विलक्षण दाट दिसली. तिच्या घरातल्या आणखी काही जणांचीही तशीच निघाली. दुसऱ्या एका अमेरिकन कुटुंबातही हाच प्रकार होता, आणि त्यातल्या काहींना पाण्यावर तरंगणं अवघड जायचं. २००२ मध्ये दोन वेगळ्या गटांनी दोन्ही घरांतलं कारण शोधलं. एलआरपी-५ या जनुकात एका अक्षराचा बदल होता, आणि दोन्हीकडे तोच. वर्षभर आधीच असंही कळलं होतं की हेच जनुक निकामी झालं तर मुलांची हाडं काचेच्या वरताण ठिसूळ होतात आणि नजरही जाते.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर समाजातल्या एका दुर्मीळ आजाराचं कोडं सुटलं. या आजारात हाड वाढतच राहतं, कवटी जाड होते, नसा दाबल्या जातात. या लोकांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन तयार होत नाही. हाड भरणाऱ्या पेशींना ‘आता थांबा’ असं हे प्रथिन सांगतं. त्यावरून स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध तयार झालं, आणि २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

स्क्लेरोस्टिनबद्दल एवढं लिहायचं कारण पुढे आहे. हे प्रथिन हाडाच्या आत अडकून बसलेल्या पेशी तयार करतात, आणि हाडावर भार पडला की त्या ते कमी तयार करतात. म्हणजे जनुकाने दिलेली ‘थांबा’ची सूचना व्यायामाने प्रत्यक्ष मवाळ होते. जनुकं एकीकडे आणि राहणी दुसरीकडे अशी भिंत हाडात नाही.

तालमीतलं हाड

याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा एकाच बाईच्या दोन हातांत मिळतो. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात तपासले. १९९५ मध्ये हा अभ्यास छापून आला. रॅकेटच्या हातात दुसऱ्या हातापेक्षा जास्त हाड होतं. जनुकं तीच, ताट तेच, ऊन तेच, फरक फक्त भाराचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाळी यायच्या आधी किंवा त्या सुमाराला ज्यांनी खेळायला सुरुवात केली, त्यांच्यात हा फरक मोठेपणी सुरुवात केलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त होता.

उलटा पुरावा अंतराळातला. तिथे भारच नाही, म्हणून अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. पाळी गेलेल्या बाईचं साधारण वर्षभरात जातं तेवढं.

कोल्हापूरला भार म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये, खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पोरं आजही लाल मातीत जोर-बैठका काढतात, एकमेकांना खांद्यावर उचलतात, आपटतात. हाडाला हवा असतो तो असाच भार: अचानक, जोरकस, वेगवेगळ्या दिशांनी आणि मध्ये विश्रांती देऊन. कुस्ती आणि ज्युदो खेळणाऱ्यांची घनता जास्त असते असं अभ्यासांत दिसलंय. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण पाण्यात आणि सीटवर वजन पेललं जातं, म्हणून हाडाला त्यांतून फारसं काही मिळत नाही. रंकाळ्याभोवती चालणं चांगलंच, पण नुसत्या सावकाश चालण्याने घनतेत पडणारा फरक लहान असतो. जिने चढणं, दोरीवरच्या उड्या, बैठका, वजन उचलणं यांचा उपयोग जास्त.

आणि याच गावात, पोराला तालमीत घालणारं घर पोरीला पाळी आली की मैदानातून काढून घेतं. मुलींत हाड भरण्याचा सगळ्यांत जोराचा काळ साधारण साडेबारा वर्षांच्या आसपास येतो. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिळून दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडाचा सुमारे चौथा हिस्सा भरला जातो. नेमक्या त्याच दोन वर्षांत खोखो सुटतो, दप्तर रिक्षात जातं आणि संध्याकाळ क्लासमध्ये. मला हे फार लागतं, कारण ती दोन वर्षं कुठल्याही गोळीने परत मिळत नाहीत.

घरातून येतं ते फक्त जनुकांतून येत नाही

पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांच्या पोषणाचा एक मोठा अभ्यास अनेक वर्षं चालला आहे. त्यातली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची आणि आईवडिलांची डेक्सा झाली. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. मुलांची हाडं आईच्या आणि वडिलांच्याही हाडांशी जुळत होती. वडील काही मुलाला पोटात वाढवत नाहीत, तेव्हा या जुळण्यात जनुकांचा वाटा असणार हे उघड आहे. दुसरी गोष्ट अशी की गरोदरपणात ज्या आया दूध, डाळी, पालेभाज्या यांसारखे कॅल्शियमचे पदार्थ जास्त वेळा खात होत्या, त्यांच्या मुलांची हाडं सहा वर्षांनंतरही जास्त भरलेली होती.

म्हणजे आईकडून मुलीला जनुकं येतात तसा आईच्या ताटाचा वारसाही येतो, मुलगी जन्मायच्या आधीच. आणि त्या आईचं ताट तिने तिच्या आईकडून घेतलेलं असतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायचं, दूध आधी पोराला आणि मग पाहुण्याच्या चहाला, ही रीतही पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली आहे. बाहेरून पाहिलं तर ‘आमच्यात सगळ्यांचंच असं’ म्हणूनच दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरीब वस्त्यांतल्या तीस ते साठ वयाच्या बायका तपासल्या. २००५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात त्यांचं रोजचं कॅल्शियम सरासरी २७० मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. आता मोठ्या माणसासाठी शिफारस आहे १,००० मिलिग्रॅमची, आणि पाळी गेलेल्या बाईसाठी १,२०० ची.

हिशेब करून बघा. दीडशे ग्रॅम शाळूच्या पिठाच्या भाकऱ्यांतून जेमतेम ४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच नाचणीच्या पिठातून पाचशेवर. म्हशीचं दूध पेलाभर, म्हणजे दोनशे मिली, घेतलं तर सुमारे २४०. चहाच्या कपातल्या दोन मोठे चमचे दुधातून तीस-पस्तीस. नाचणी आपल्याच चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरउतारावर पिकते. तिथल्या घरांतून ती हळूहळू मागे पडली आणि शहरात महागड्या पाकिटातून परत आली. नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट त्यातलं काही धरून ठेवतं. भिजवून, मोड आणून किंवा आंबवून आंबील केली तर ते थोडं सुटतं. पालकात कॅल्शियम दिसतं पुष्कळ, पण ऑक्झॅलेटमुळे अंगी फार कमी लागतं.

पांढऱ्या रश्श्याबद्दलही लिहायला हवं, कारण हाड मोडलेल्या माणसाला तो प्रेमाने पाजला जातो. हाडं कितीही उकळली तरी त्यांतलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. रश्श्यातल्या तीळ-खसखशीत ते असतं, पण एका वाटीच्या वाट्याला थोडंच येतं. आजाऱ्याला बरं वाटावं, चार घास जास्त जावेत म्हणून जरूर द्या, पण दुधाच्या जागी धरू नका.

“आमच्या आजीने कधी गोळी घेतली नाही, नव्वदीपर्यंत ताठ होती”

असेल. ती डोक्यावर घागर घेऊन नदीवरून यायची, वैरणीचा भारा आणायची, जात्यावर बसायची, दिवसभर रानात उन्हात असायची. भार आणि ऊन दोन्ही तिला न मागता मिळत होतं. शिवाय आपल्याला आठवतात त्या नव्वदीपर्यंत जगलेल्या आज्या. खुबा मोडून साठीत अंथरुणाला खिळलेली आजी घरच्या गोष्टींत उरत नाही. आणि पाठीत पोक आलेल्या कितीतरी आज्यांचे मणके आतून दबलेले होते. मणक्यांची ही मोडतोड बहुतेक वेळा निदान न होताच राहते. त्याला ‘वय झालं’ म्हणायचे.

“एवढं ऊन असताना डी व्हिटॅमिन कमी कसं?”

आतड्याला कॅल्शियम उचलायला डी व्हिटॅमिन लागतं, आणि ते कातडी उन्हापासून बनवते. त्यासाठी उन्हातले ठरावीक किरण उघड्या कातडीवर पडावे लागतात. ते दुपारच्या आगेमागे भरपूर असतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात फार थोडे. काचेतून ते येतच नाहीत. सावळ्या कातडीला गोरीपेक्षा जास्त वेळ लागतो. इचलकरंजीत मागावर बारा तास पाळी करणारा कामगार, घर आणि स्वयंपाकघर यांतच दिवस जाणारी बाई, स्कार्फ-हातमोजे घालून गाडीवरून कॉलेजला जाणारी मुलगी, यांच्यापैकी कुणाच्याही कातडीला ते ऊन मिळत नाही. ऊन गावात आहे, अंगावर नाही.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात. आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची गोळी काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते, ती मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं चालू ठेवतात. ऑस्ट्रेलियात वृद्ध बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा त्या बायका उलट जास्त वेळा पडल्या होत्या, आणि हाडंही जास्त मोडली होती. कमतरता असेल तर औषध हवंच, पण किती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं.

झीज वाढवणाऱ्या, पण न विचारल्या जाणाऱ्या गोष्टी

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारने चौकशी समितीही नेमली. याच भागातल्या टोळ्या हंगामात आपल्याकडच्या कारखान्यांवर येतात. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम बंद होतं, आणि पस्तिशीतल्या बाईच्या हाडांची झीज पन्नाशीतल्या बाईसारखी सुरू होते. ‘पिशवी काढली’ एवढंच सांगून भागत नाही. बीजकोश ठेवले की काढले, ते कागदावर पाहून घ्या.

स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त चालल्या तर हाडं वेगाने विरळ होतात. दमा, संधिवात यांसाठी त्या लागतात, मनाने बंद करायच्या नसतात, पण हाडांची काळजी सोबत घ्यावी लागते. जास्त धोका बेनामी पुड्यांचा. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं देशात नोंदलेली आहेत. आठ दिवसांत गुडघा गप्प करणारी पुडी असेल तर संशय घ्याच. विडी-सिगारेट आणि दारू हाडांना मारक आहेत, पुरुषांच्याही. हाडं ठिसूळ होणं हा फक्त बायकांचा आजार नाही.

“साठी उलटली, आता उशीर झाला ना?”

तरुणपणी न भरलेलं हाड पूर्ण भरून निघत नाही, पण झीज थांबवता येते आणि थोडं परतही मिळवता येतं. ऑस्ट्रेलियात घनता कमी झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांकडून आठवड्यात दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने जड वजनं उचलून घेतली. प्रशिक्षक समोर उभे असायचे. २०१८ मध्ये निकाल छापला गेला. त्या बायकांच्या मणक्यांची घनता वाढली होती, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली होती. हे स्वतःच्या मनाने करायचं काम नव्हे. मणका आधीच दबलेला असेल तर पुढे वाकून वजन उचलणं धोक्याचं. पण ‘आता जपून बस, काही उचलू नको’ हा घरचा सल्लाही हाडांच्या विरुद्धच जातो. औषधंही आहेत: आठवड्याला घ्यायची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने ठिसूळ हाडाचा उपचार होत नाही.

चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जाताना

शिबिरातली चिठ्ठी न्याच, पण सोबत या गोष्टी लिहून न्या: आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का आणि कोणत्या वयात, पाळी कधी थांबली, बीजकोश आहेत का, स्टिरॉइड किती दिवस घेतलं, उंची कमी झाली का, वर्षभरात कितीदा पडलात. त्या आकड्यापेक्षा ही यादी कित्येकदा जास्त कामाची ठरते. पासष्टीनंतर प्रत्येक बाईने डेक्सा करावी. यादीतलं काही लागू होत असेल तर त्याआधी.

आणि पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून, म्हणजे न्हाणीघरात घसरून किंवा उंबऱ्याला अडखळून, मनगट मोडलं असेल तर तो पाय घसरल्याचा दोष समजू नका. निरोगी हाड तेवढ्या पडण्याने सहसा मोडत नाही. आपल्याकडे बहुतेकदा प्लास्टर घालतात, सहा आठवड्यांनी काढतात आणि विषय संपतो. पुढचा खुबा वाचवायची संधी तिथेच असते. प्लास्टर काढायला जाल तेव्हा डेक्सा कधी करायची, हे त्याच भेटीत विचारून घ्या.